बाण कुठून निघतो?

कोल्हापूरजवळचा कळंबा तलाव आटला की बातमी होते आणि सांडव्यावरून वाहू लागला की पुन्हा होते. मधल्या काळात त्याचं काय चालतं, हे काही विद्यार्थी गावकऱ्यांना सोबत घेऊन कागदावर मांडणार होते. म्हणून मी गेलो.

रीत सोपी. एक गोष्ट वाढली की दुसरी वाढते की घटते, एवढंच विचारायचं. दोन्हींमध्ये बाण काढून अधिक-उण्याची खूण करायची. गाळ, सांडपाणी, केंदाळ भराभर कागदावर आले. प्रत्येकाचा उपायही तयार होता: गाळ काढा, केंदाळ उपसा, कठडा बांधा.

मागे बसलेले एक वयस्कर शेतकरी एवढंच म्हणाले, "तळ्यात पाणी येतंय कुठनं, त्ये बगा की आदी."

हा तलाव संस्थानकाळातला. कात्यायनीच्या डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांवर भरणारा. त्या वाक्यानंतर बाण उलटे, वरच्या अंगाला सरकू लागले. काठ सजला की आसपासच्या जमिनीला भाव येतो, प्लॉट पडतात, ओढे बुजतात. स्वच्छ पाणी घटतं, मैला वाढतो, केंदाळ माजतं. मग ओरड होते, निधी येतो आणि पुन्हा काठ सजतो. वर्तुळ पुरं झालं तेव्हा उपाय म्हणून लिहिलेला कठडाच कारणांच्या रांगेत जाऊन बसला होता. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी 1969च्या 'अर्बन डायनॅमिक्स'मध्ये अमेरिकी शहरांबद्दल असंच दाखवलं होतं: चांगल्या हेतूनं केलेली योजना दुखणं वाढवू शकते.

"कोल्हापूर महापालिकेची हद्द 66.82 चौरस किलोमीटर," शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि कागदावर तुटक रेघ मारली. बहुतेक बाण ती ओलांडून जात होते. हद्दवाढीचा वाद जुना. गावांना शहराचा कर नको, शहराला वाढायला जागा हवी. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण ओढ्याला 66.82चा आकडा ठाऊक नाही, आणि हद्द वाढवली तरी रेघ फक्त पुढे सरकेल.

या कागदानं प्रश्न सुटत नाही. बाणांच्या जंजाळात जबाबदारी सगळ्यांची होते, म्हणजे कुणाचीच राहत नाही, ही भीती मला तिथंही वाटली. तरी एक गोष्ट पटली. निधीची मागणी करण्याआधी ओढ्यांची मोजणी मागायला हवी. तो ठराव ग्रामपंचायतीलाही करता येतो आणि महापालिकेलाही. त्यासाठी हद्दवाढीचा निकाल लागायची गरज नाही.