आरामशीनवरचा एप्रिल

पहाटे पाच

बल्लारशाच्या बाजूला आरामशीन चालवायची तर एप्रिल-मेमध्ये दिवस अंधारातच धरावा लागतो. दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो, हवेत ओल नावालाही नसते, आणि यार्डात पडलेल्या प्रत्येक ओंडक्याची दोन्ही तोंडं उघडी असतात. त्यामुळे पहिलं काम मशीनचं नसतं, पाण्याचं असतं. रात्री तोंडांवर टाकलेली बारदानं सुकून कडक झालेली असतात. चौकीदार पाइप धरतो, मी बॅटरी घेऊन रांगेतून फिरतो.

रात्री ओल्या बारदानाखाली राहिलेल्या बारीक चिरा या वेळी मिटलेल्या दिसतात. नवखा माणूस त्या पाहून खूश होतो. पण चीर मिटली तरी लाकडाचे तुटलेले तंतू काही परत जुळत नाहीत. नख फिरवलं की ती लागते. तिची दोन्ही टोकं खडूनं मारून बाजूला तारीख टाकायची. संध्याकाळी चीर खडूच्या पुढे गेली असेल, तर उद्या मशीनवर पहिला नंबर त्या ओंडक्याचा.

साडेसहा

ट्रक लागतो. माल आलापल्लीकडचा साग, सरकारी डेपोच्या लिलावातला. वाहतूक परवाना, ओंडक्यावरचा हॅमरचा शिक्का, पेंटनं टाकलेला नंबर, लांबी, मधली गोलाई, सगळं कागदाशी जुळवल्याशिवाय एकही नग खाली येत नाही. २०२३ साली या भागातलं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं. तेव्हापासून अर्धं गिऱ्हाईक ‘तोच मंदिरवाला’ मागतं. साग तोच आहे, नाही कसं म्हणू? पण देवाच्या दाराचा साग असला तरी तो आधी वाळवावाच लागतो, हे ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.

डेपोत पडून राहिलेल्या ओंडक्यांची तोंडं करडी पडलेली असतात आणि गाभ्यापासून चहूकडे तडे गेलेले असतात. वरून तडा किती खोल आहे ते कळत नाही. म्हणून दोन-तीन बोटं जाडीची चकती कापून पाहायची. आतही तडा दिसला तर आणखी एक. दहा फुटी ओंडक्याचं दोन्हीकडून एकेक फूट असं गेलं, तर पैसे मोजलेल्या मालातला पाचवा हिस्सा जळाऊ झाला.

मुळात तडा का जातो, याचं उत्तर एका हिशोबात मिळतं. साग ओल्याचा पूर्ण वाळेपर्यंत त्रिज्येच्या दिशेनं साधारण अडीच टक्के आक्रसतो आणि वर्षवलयांच्या कडेनं त्याच्या दुप्पट, पाच टक्क्यांच्या आसपास. १२० सेंटीमीटर गोलाईचा ओंडका घ्या. घेराला सहा सेंटीमीटर कमी व्हायचंय, पण त्रिज्या जेवढी आखडते तेवढ्यात तीनच सेंटीमीटर बसतात. उरलेले तीन कुठून तरी निघणारच, ते तड्यातून निघतात. बाजारात मिळणारी कुठलीही पत्ती, कडी किंवा खिळा हा हिशोब बदलू शकत नाही. फार तर तडा आज पडायचा तो लांबवता येतो, आणि एक मोठा पडायचा त्याऐवजी चार बारीक पाडता येतात. एवढं मान्य केलं की पुढच्या सगळ्या वस्तूंची खरी किंमत कळते.

सव्वासात

मेण लावायची वेळ. चकती कापून ताजं तोंड उघडं पडलं की घड्याळ सुरू होतं. लाकडातलं पाणी तंतूंच्या लांबीनं, म्हणजे तोंडातून, बाजूच्या मानानं दहा-बारा पटींनी वेगानं निघतं. साल शाबूत असेल तर बाजूंची काळजी जवळजवळ नसतेच. (सालीखाली भुंगेरा लपतो हा तिचा दोष, पण उन्हाळ्यात मी भुंगेरा पत्करतो.) सगळी लढाई दोन तोंडांची आहे. तोंड कापल्यापासून उन्हात दोन तास उघडं राहिलं, तर त्यावर केसाएवढ्या चिरा आलेल्या असतात, आणि मग वर काहीही फासा, ते भेगांत भरण घालणं होतं.

कोणी काय फासतं याची यादी मोठी आहे. डांबर, जुना ऑइल पेंट, पातळ केलेलं फेविकॉल, गावाकडे शेण-माती. शेण-मातीला हसणाऱ्यांनी एकदा ती लावून पाहावी. दर दोन दिवसांनी लिंपली तर ती बऱ्यापैकी काम करते, फक्त माणूस लागतो. डांबर टिकतं, पण पुढे रंध्याला आणि सुताराच्या हाताला चिकटतं. आमच्याकडे मेणाचं पाण्यातलं मिश्रण ब्रशनं लावतात, जाड, दोन हातांत, आणि तोंडाच्या कडेवरून दोन-तीन बोटं बाजूवरही उतरवतात. गाठी आणि साल निघालेल्या जागाही त्यातच. पूर्वी साधं पॅराफिन वितळवून लावायचे. त्याची अडचण अशी की पश्चिमेकडे तोंड केलेल्या ओंडक्यावरून ते दुपारी ओघळून खाली येतं. राळ आणि काजळी गरम करून लावायची जुनी पद्धत यापेक्षा चांगली होती. तिला उन्हाची पर्वा नव्हती.

नऊ

चहा झाला की लोखंड.

डब्यात तीन प्रकार असतात. पहिला ‘एस’: एका काठाला धार लावलेली पोलादी पट्टी, इंग्रजी एस अक्षरासारखी वळवलेली. दुसरा ‘सी’, लहान घेराच्या मालासाठी. तिसरा दातेरी पत्रा: जस्त चढवलेला पत्रा पंच करून त्याचेच दात एका बाजूला काढलेले, ठोकला की सगळे दात एकदम आत. ते ठोकणारे आमचे मिस्त्री रेल्वेच्या लाकडी स्लिपरांच्या काळातले आहेत. स्लिपरांच्या टोकांत हेच एस आणि सी ठोकत, नाहीतर टोकाभोवती लोखंडी पट्टी आवळत. सिमेंटचे स्लिपर आले आणि ते काम गेलं. मिस्त्रींचा हात मात्र राहिला.

एस ठोकण्यात अक्कल लागते ती जागेची. मधला भाग चिरेवर आडवा यायला हवा, एक कमान चिरेच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला. लाकूड उघडायला लागलं की कमानी ओढ घेतात आणि पट्टी सरळ व्हायला बघते; त्या विरोधातच तिची पकड. गाभ्यावर ठोकली तर ती पाचरीचं काम करते आणि असलेला तडा आणखी उघडते. सालीच्या फार जवळ ठोकली तर कड निघून येते. पट्टी लाकडाच्या पातळीला बसेपर्यंत घणाचे मोजके, सरळ घाव घालायचे. तिरकी गेली की काढून परत ठोकायच्या भानगडीत पडायचं नाही, शेजारी दुसरी.

एका नगावर बोटभर रुंद तडा होता. मी एस पुढे केला, मिस्त्रींनी हात मागे घेतला.

“भाऊ, आता ठोकून काय करता? ते फाटून रायलं. याले आधी ठोकाचं रायते.”

त्यांचं बरोबर होतं. एसची वेळ चीर केसाएवढी असतानाची, किंवा ती यायच्या आधीची. उघडलेला तडा त्यानं मिटत नाही. तरीही बाजारात तोंडावर एस दिसले की माल जपलेला आहे असं गिऱ्हाईक समजतं, आणि काही व्यापारी फाटलेल्या मालावर मुद्दाम एस ठोकून ठेवतात. मी तोंडावर सहापेक्षा जास्त एस पाहिले की भाव कमी करायला सुरुवात करतो.

निलगिरीची गोष्ट वेगळी. तिच्या बुंध्यात वाढतानाचाच ताण साठलेला असतो. वाळायची वाटसुद्धा ती पाहत नाही; आडवा काप पुरा होताच काडकन आवाज करून तोंड फाकतं. तिथे मेणाचा उपयोग शून्य. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पट्टा आवळायचा, मग करवत चालवायची आणि लगेच दातेरी पत्रा बसवायचा. आणि बाभळीत उघडं लोखंड शक्यतो घालायचंच नाही. कातडी कमावायला बाभळीची साल वापरतात ती तिच्यातल्या टॅनिनसाठी. ओलं लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की लाकडावर शाईसारखा काळा डाग पडतो आणि तो रंध्यानंही जात नाही. म्हणून बाभळीला जस्त चढवलेला पत्रा.

लाकूड फाटू नये म्हणून लोखंड वापरायची आपल्याकडची जुनी तऱ्हा आत ठोकायची नव्हतीच, बाहेरून आवळायची होती. मुसळाच्या टोकाला वसवी असते. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याला दोन्हीकडे लोखंडी कडी असतात. तापवून चढवलेलं कडं थंड होताना आवळतं आणि लाकडाला दाबात ठेवतं. दाबातलं लाकूड फाटत नाही, ताणातलं फाटतं. मला विचाराल तर आवळलेली पट्टी ठोकलेल्या एसपेक्षा दहापट बरी, फक्त लाकूड आक्रसलं की ती ढिली होते आणि पुन्हा आवळायला माणूस यावा लागतो. तो येत नाही, म्हणून एसचा धंदा चालतो.

साडेदहा

मशीन. ओंडका ट्रॉलीवर चढायच्या आधी त्याच्या तोंडातला प्रत्येक एस निघाला पाहिजे. बँड सॉच्या पात्याला पोलाद लागलं की दात झडतात, कधी पातंच तुटतं, आणि तुटलेलं पातं कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. किती ठोकले ते वहीत लिहिलेलं असतं, काढलेले डब्यात पडतात. वर हातातला मेटल डिटेक्टर फिरवायचा. कांडला-गांधीधामला परदेशी साग उतरतो, त्यात आता प्लास्टिकचेही एस येतात. ते पात्याखाली आले तरी करवत कुरकुरत नाही. आमच्यासारख्यांनी तिकडे वळायला हवं.

पहिला काप गाभ्यातून. ओंडक्याचे दोन भाग झाले की घेराला आखडायला जागा मिळते आणि सकाळच्या हिशोबातले ते तीन सेंटीमीटर बिनबोभाट सुटतात. तड्यावरचा सगळ्यात चांगला उपाय करवतच आहे. मेण आणि एस करवतीची पाळी येईपर्यंत ओंडका सांभाळतात, बस.

दुपारी एक

मशीन बंद. जेवण, झोप. झळा इतक्या असतात की यार्डात कुत्रंही दिसत नाही.

चार

नागपूरहून एक बाई येतात. त्यांना टेबलासाठी आंब्याची आख्खी गोल चकती हवी, साडेतीन फूट व्यासाची, सालीसकट.

“पण तडा नको हं.”

“ताई, तडा येणारच. कुठे यावा ते मात्र आपण ठरवू शकतो.”

हे वाक्य बोललो की अर्धी गिऱ्हाइकं उठतात. ताई बसल्या. मग सविस्तर सांगितलं. कडेपासून गाभ्यापर्यंत आपणच एक काप घ्यायचा. वाळताना बाकीची चकती शाबूत राहून तोच काप फाकतो, आणि वाळल्यावर त्यात त्याच झाडाची पाचर बसवायची. दुसरा मार्ग, तडा येऊ द्यायचा आणि पूर्ण वाळल्यावर त्यावर डमरूच्या आकाराची लाकडी किल्ली आडवी खाचून बसवायची. जॉर्ज नाकाशिमा या अमेरिकन-जपानी कारागिरानं या डमरूला फर्निचरात मान मिळवून दिला. ते १९३० च्या दशकात पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातल्या गोलकोंड इमारतीच्या कामावर होते, आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीतही आले होते. डमरू ओल्या लाकडात मात्र बसवू नये. लाकूड सरकतं आणि किल्लीच तुटते.

तिसरा मार्ग पॉलिएथिलिन ग्लायकॉलचा. लाकडाच्या पेशीभिंतीतल्या पाण्याची जागा तो घेतो, त्यामुळे ती आक्रसत नाही. १६२८ साली बुडालेलं स्वीडनचं वासा जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर त्यावर हाच द्राव १७ वर्षं फवारला. चकती त्यात आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवावी लागते आणि नंतर तिच्यावर पॉलिश नीट धरत नाही. जेवायच्या टेबलासाठी मी तो सुचवत नाही. ताईंनी डमरू निवडले.

साडेपाच

थप्पी लावायची. प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर, एकाखाली एक, आणि शेवटची पट्टी फळीच्या तोंडाशी अगदी भिडवून. ती आत सरकली की तोंडं लोंबतात आणि फाटतात. पश्चिमेला बांबूच्या तट्ट्या. उन्हाळ्यात इथल्या हवेत लाकूड पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरू पाहतं, पावसाळ्यात तेच सतरा-अठरावर जातं. म्हणजे इथे तट्ट्या वारा आणायला नसतात, तो अडवायला असतात.

काही जण फळीच्या तोंडावर आडवी पट्टी मारून दोन कडांना दोन खिळे ठोकतात, फळी फाटू नये म्हणून. ती नेमकी त्यानंच फाटते. फळीला आखडायचं असतं, खिळे तिला आखडू देत नाहीत, आणि दोन खिळ्यांच्या मधोमध सरळ तडा उभा राहतो. पट्टी मारायचीच तर खिळा एक, मधोमध.

सात

पाण्याची दुसरी फेरी, मीटरनं ओलीचे आकडे घेणं, खडूच्या खुणा तपासणं. तीन ओंडक्यांवर चीर खुणेबाहेर गेलीय. त्यांचे नंबर उद्यासाठी फळ्यावर लिहिले.

शेवटी एसची वही आणि डबा.

“बारा ठोकले होते, अकराच आले,” मिस्त्री म्हणाले.

डबा पुन्हा मोजला, अकराच. भुशाच्या ढिगावर डिटेक्टर फिरवला, त्या ओंडक्याच्या फळ्यांवर फिरवला, काही वाजलं नाही. तरी सगळ्या फळ्यांवर लाल खडूनं फुली मारून त्या बाजूला ठेवल्या. एस सापडेपर्यंत त्या रंध्याच्या मशीनवर जाणार नाहीत. राहिल्या तोंडाच्या कापलेल्या चकत्या. त्या जळाऊच्या टेम्पोत पाचलाच गेल्या होत्या, गावातल्या एका खानावळीकडे. टेम्पोवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या सकाळी चुलीतली राख चाळून सांगतो.