शिष्यवृत्ति आणि सेवेचा करार

शिष्यवृत्ति हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें बहुधा बक्षिसाचें चित्र उभें राहतें. मुलगा परीक्षेंत वर आला, त्यास पैसे मिळाले, घरच्यांस आनंद झाला, आणि गोष्ट तेथेंच संपली. परंतु शिष्यवृत्तीचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यांत खरी गोष्ट शिक्षण संपल्यावर सुरू होते. ह्या प्रकारांत सरकार विद्यार्थ्यास म्हणतें, "तुझ्या शिक्षणाचा खर्च आम्ही करितों, शिक्षण संपल्यावर तितकीं वर्षें तूं लोकांची सेवा कर." अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संगणकांच्या संरक्षणाची विद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं अशी एक योजना २००१ सालीं सुरू झाली. तिचें नांव 'सायबरकोर: स्कॉलरशिप फॉर सर्व्हिस', म्हणजे सेवेच्या बदल्यांत शिष्यवृत्ति. ती कशी चालते व तिच्यापासून आपण काय शिकावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही विद्या कोणती तें पाहूं. आज बँकेंतील ठेव, आगगाडीचें तिकीट, दवाखान्यांतील रोग्याची माहिती, वीजघर आणि पाणीपुरवठा, ह्या सर्वांचा व्यवहार संगणकांच्या आधारें चालतो, आणि ते संगणक एकमेकांस जोडलेले असतात. ज्या वाटेनें आपला निरोप जातो, त्याच वाटेनें चोरही येऊं शकतो. पूर्वीं चोरास भिंत फोडावी लागे. आतां तो हजारों कोस दूर बसून आपला परवलीचा शब्द चोरतो, किंवा एखाद्या कचेरींतील सारी माहिती गुप्त लिपींत कोंडून ठेवून ती मोकळी करण्यासाठीं खंडणी मागतो. अशा चोराच्या आधीं आपणच आपल्या व्यवस्थेंतील फटी शोधणें, त्या बुजविणें, रात्रंदिवस पहारा ठेवणें, आणि चोरी झालीच तर तिचा माग काढून नुकसान आवरणें, ह्या सर्वांस मिळून सायबर सुरक्षा असें म्हणतात.

ह्या धोक्याचा एक मोठा इशारा अमेरिकेस १९८८ सालीं मिळाला. त्या वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत कॉर्नेल विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यानें सोडलेली एक लहानशी आज्ञावली आपोआप एका संगणकांतून दुसऱ्यांत पसरत गेली, आणि हजारों संगणकांचें काम अडून पडलें. पुढें दहा वर्षांत संगणकांचें जाळें फार वाढलें. मे १९९८ मध्यें अध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं एक आज्ञापत्र काढून वीज, पाणी, दळणवळण, बँका इत्यादि जीवनाधार व्यवस्थांचें रक्षण करण्याचें धोरण ठरविलें. धोरण ठरलें, पण तें चालविण्यास माणसें कोठें होतीं? ही विद्या शिकविणारीं विद्यापीठें थोडीं; आणि जे तरुण ती शिकत त्यांस खासगी कंपन्या सरकारपेक्षां पुष्कळ अधिक पगार देत. ही उणीव भरून काढण्यासाठीं वरील योजना निघाली. २००१ सालीं सहा संस्थांपासून तिचा आरंभ झाला. टल्सा, आयडाहो, पर्ड्यू, आयोवा स्टेट आणि कार्नेगी मेलन हीं पांच विद्यापीठें, व सहावी आरमाराची पदव्युत्तर शाळा. पुढें २०१४ च्या एका कायद्यानें योजनेस पक्का आधार मिळाला.

आतां कराराच्या अटी पाहूं. योजनेचा पैसा नॅशनल सायन्स फाउंडेशन ही सरकारी संस्था विद्यापीठांस देते, आणि विद्यार्थी निवडण्याचें काम विद्यापीठें करितात. विद्यार्थी त्या देशाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असला पाहिजे. आपल्याकडून केवळ शिक्षणासाठीं तेथें गेलेल्या मुलास ही शिष्यवृत्ति मिळत नाहीं. ज्यास ती मिळते त्याची सर्व फी भरली जाते. शिवाय २०२३ सालच्या नियमांप्रमाणें पदवीच्या विद्यार्थ्यास वर्षास २७,००० डॉलर व पदव्युत्तर विद्यार्थ्यास ३७,००० डॉलर निर्वाहासाठीं मिळत. ही मदत अधिकांत अधिक तीन वर्षें चालते. सुटींत विद्यार्थ्यानें सरकारी कचेरींत उमेदवारी करावयाची, आणि पदवी मिळाल्यावर जितकीं वर्षें शिष्यवृत्ति घेतली तितकीं वर्षें सरकारी नोकरी करावयाची. बहुतेकांनीं केंद्र सरकारच्या खात्यांत जावें अशी अपेक्षा असते; थोड्यांस संस्थानिक सरकारांत, नगरपालिकांत किंवा तेथील मूळ रहिवाशांच्या शासनांतही सेवा करितां येते.

ह्या करारांत दोन कलमें मात्र फार लक्षपूर्वक वाचण्यासारखीं आहेत. पहिलें हें कीं, नोकरी सरकार नेमून देत नाहीं. ती विद्यार्थ्यानें स्वतः अर्ज करून मिळवावयाची असते, आणि त्यासाठीं पदवीनंतर अठरा महिन्यांची मुदत असते. दुसरें हें कीं, सेवा पुरी झाली नाहीं तर शिष्यवृत्ति ही शिष्यवृत्ति राहत नाहीं. तिचें कर्जांत रूपांतर होतें, आणि तें व्याजासह फेडावें लागतें.

असें असूनही करार उभयपक्षीं हितकारक होता, ह्यांत संशय नाहीं. गरीब घरांतील हुशार मुलास कर्जाचा डोंगर न चढतां उच्च शिक्षण मिळे, आणि सरकारास शिकलेला पहारेकरी मिळे. असा पहारेकरी किती आवश्यक आहे, हें २०१५ सालीं फार कटु रीतीनें दिसून आलें. सरकारी नोकरांची दफ्तरें सांभाळणाऱ्या खात्यांतूनच सुमारें २ कोटी १५ लक्ष माणसांची खासगी माहिती चोरीस गेल्याचें त्या वर्षीं उघड झालें. तींत ५६ लक्ष माणसांच्या बोटांचे ठसेही होते. ह्या शिष्यवृत्तीच्या सेवेचा हिशेब ठेवण्यांत ज्याचा हात आहे, तें खातें हेंच, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. चोरलेला शब्द बदलतां येतो. बोटाचा ठसा जन्मभर बदलतां येत नाहीं.

परंतु करारास दोन हात असतात. २० जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनीं केंद्र सरकारच्या मुलकी खात्यांतील नवी नोकरभरती थांबविण्याचा हुकूम काढला, आणि पुढें त्याची मुदत वाढत गेली. ज्या तरुणांनीं सेवेचें वचन दिलें होतें, ते सेवेस सिद्ध होते. पण ज्या दारांतून त्यांनीं आंत जावयाचें तेंच बंद झालें. कांहींजणांस मिळालेलीं नेमणुकीचीं आश्वासनें मागें घेण्यांत आलीं. इकडे अठरा महिन्यांचें घड्याळ चालूच होतें. वचन मोडण्याची इच्छा नसतां वचनभंगाचा दंड डोक्यावर टांगलेला, अशी त्यांची अवस्था त्या वर्षीं झाली.

ही गोष्ट केवळ दूरदेशची आहे असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. आपल्याच लोकांच्या इतिहासांत तिचें एक मोठें उदाहरण आहे. १९१३ सालीं बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज ह्यांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास गेला. परत आल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यानें लिहून दिला होता. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१७ सालीं ते वचन पाळण्यासाठीं बडोद्यास आले. दरबारनें त्यांस नोकरीही दिली. परंतु अस्पृश्य म्हणून त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहांतूनही त्यांस बाहेर काढण्यांत आलें, आणि थोड्याच दिवसांत बडोदें सोडून जाणें त्यांस भाग पडलें. त्यांच्याकडून वचनांत कसूर नव्हती. त्यांस सेवा करूं देण्याइतका समाज तयार नव्हता, आणि त्यामुळें एका विद्वानाच्या सेवेस बडोदें मुकलें.

ह्या दोन उदाहरणांवरून आम्हांस वाटतें तें असें. सेवेच्या बदल्यांत शिक्षण हा सौदा हलका नव्हे; तो मानाचा आहे. आजही आपल्या राज्यांत सरकारी महाविद्यालयांत शिकलेल्या डॉक्टरांवर पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवेचें बंधन असतें, आणि त्या एका वर्षामुळें कित्येक आडगांवीं डॉक्टर पोंचतो. ज्या लोकांच्या कराच्या पैशांतून आपण शिकलों, त्यांस कांहीं परत करणें हा आपला धर्मच होय. पण मान आहे म्हणून डोळे मिटून सही करावी असें नाहीं.

म्हणून विद्यार्थीमित्रांनो, असा करार तुमच्यापुढें आला तर तो घरीं वडील मंडळींसह बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पालकांसही आमची विनंती आहे कीं, सहीपूर्वीं चार प्रश्न अवश्य विचारावे. सेवा किती वर्षें व कोठें करावयाची? नोकरी देण्याची जबाबदारी कोणाची? आजारपण आलें, अथवा जागाच निघाल्या नाहींत, तर काय होईल? आणि पैसे परत करण्याची वेळ आली तर व्याज केव्हांपासून लागेल? ह्यांचीं उत्तरें तोंडीं न घेतां लेखी घ्यावीं.

आणि उद्यां तुमच्यापैकीं कोणी अशा योजना आंखण्याच्या अधिकारावर चढलाच, तर त्यानें एवढें स्मरावें कीं, मुलाकडून सेवेचें वचन घेतांना त्याच्यासाठीं काम व मानानें राहण्यास जागा सिद्ध ठेवण्याचें वचन सरकारनेंही दिलेलें असतें. मुलानें आपलें वचन पाळावें अशी अपेक्षा करणाऱ्यानें स्वतःचें वचन आधीं पाळावें.