बडोद्याचीं चित्रें : त्यांची साक्ष कोणत्या काळाची ?

जुनें चित्र हातीं आलें म्हणजे संशोधक प्रथम त्याचा काळ विचारतो, आणि हें योग्यच आहे. शिवछत्रपतींच्या चित्राची हकीकत आमच्या वाचकांस परिचित आहेच. कै. वा. सी. बेंद्रे यांनीं महाराजांचें अस्सल चित्र उजेडांत आणण्यापूर्वीं कोणा इब्राहिमखानाचें चित्र महाराजांचें म्हणून छापलें जात असे. तो धडा मिळाल्यापासून चित्राकडे संशयानें पाहण्याची संवय आम्हां सर्वांस जडली. संवय चांगली खरी. परंतु तिच्यापोटीं एक गैरसमजहि वाढीस लागला आहे. अलीकडच्या चित्रकारानें इतिहासावर काढलेलें चित्र म्हणजे निव्वळ कल्पनाविलास, त्याचा दप्तरांशीं व पोथ्यांशीं संबंध नाहीं, असें पुष्कळ संग्राहक मानितात. हें मत आम्हांस मान्य नाहीं. अशीं चित्रें हीं साधनेंच होत. मात्र तीं कोणत्या काळाचीं साधनें, हा प्रश्न नीट विचारला पाहिजे. गायकवाडांच्या बडोद्याचीं तीन उदाहरणें घेऊन ही गोष्ट येथें स्पष्ट करण्याचें योजिलें आहे.

पहिलें उदाहरण रावपुऱ्यांतील तांबेकर वाड्याचें. भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ पर्यंत बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा वाडा मराठी बांधणीचा असून आज तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. त्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकांतील चित्रें आहेत. त्यांत कृष्णकथा आहेत, महाभारतांतील प्रसंग आहेत आणि त्यांच्याच संगतीस इंग्रज-मराठ्यांच्या युद्धाचाहि देखावा आहे. या देखाव्यावरून फौजांची मांडणी किंवा तोफांची संख्या ठरवूं पाहणारा खास फसेल. कारण रंग भिंतीस लागला तेव्हां तीं युद्धें संपून बराच काळ लोटला होता. परंतु एका दिवाणी वाड्यांत त्या युद्धाची आठवण कृष्णलीलेच्या पंक्तीस बसविली गेली, हें या भिंतींवांचून दुसरा कोणता कागद सांगणार ? लढाईपुरती ही भिंत दुय्यम साक्षीदार. आठवणीपुरती मात्र अव्वल दर्जाची.

दुसरें उदाहरण कीर्तिमंदिराचें. गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांनीं १९३६ सालीं ही इमारत बांधविली. तिच्या भिंती रंगविण्याचें काम शांतिनिकेतनाचे नंदलाल बसु यांजकडे आलें व तें १९३९ ते १९४६ पर्यंत टप्प्याटप्प्यानें चाललें. गंगावतरण, मीराबाईचें चरित्र, रवींद्रनाथांची ‘नटीर पूजा’ आणि भारतीय युद्ध असे त्या चार भिंतींचे विषय आहेत. स्मारक मराठा राजघराण्याचें. पण विषयांत त्या घराण्याची एकहि लढाई नाहीं! गायकवाडांच्या पराक्रमाचीं साधनें येथें शोधणारा रिक्तहस्तें परतेल. तथापि एक मराठी संस्थान त्या वर्षांत स्वतःस कोणत्या मोठ्या परंपरेचा वारस समजत होतें, हें त्या निवडीवरून उघड दिसतें. बंगालच्या चित्रकाराचा हात, पुराणांतील गंगा, आणि राजस्थानांत जन्मून द्वारकेस गेलेली मीरा, हीं सर्व या एका छताखालीं आलीं. ती द्वारका त्या वेळीं बडोदें संस्थानाच्याच ओखामंडळांत होती, हेंहि येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

तिसरें उदाहरण अगदीं अलीकडचें. १ मे १९४९ रोजीं बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याच सुमारास तेथील महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयांत ललितकलांची शाखा निघाली. शांतिनिकेतनांत शिकलेले के. जी. सुब्रमण्यन् हे तेथें अध्यापक झाले. १९३७ सालीं सुरेंद्रनगर येथें जन्मलेले गुलाममहंमद शेख हे त्याच शाखेंत आधीं विद्यार्थी व मागाहून अध्यापक होते. त्यांचें ‘सिटी फॉर सेल’, म्हणजे विक्रीस काढलेलें शहर, हें विशाल तैलचित्र १९८१ ते १९८४ या वर्षांतील असून सध्यां लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. १९८१ व १९८२ सालीं बडोद्यांत जे हिंदु-मुसलमानांचे दंगे झाले, त्यांची छाया या चित्रावर आहे. एकीकडे दंगल चालली आहे, एकीकडे भाजीवाली आपली गाडी भरून उभी आहे, आणि चित्रपटगृहांत ‘सिलसिला’ चालू आहे.

पत्रावर मिति नसली म्हणजे आम्ही मजकुरांतील एखाद्या मृत्यूचा वा मोहिमेचा उल्लेख धरून त्याचा काळ ठरवितों. येथें तेंच काम ‘सिलसिला’ हें नांव करतें. हा चित्रपट १९८१ सालचा. अर्थात् त्याचें नांव ज्यांत आहे तें चित्र त्यापूर्वीं पुरें झालेलें असणें शक्य नाहीं. उद्यां या चित्राची सर्व कागदोपत्रीं माहिती नाहींशी झाली, तरी एवढा पुरावा चित्राच्या आंतच शिल्लक राहील. मात्र यांतील गल्ल्या मोजून बडोद्याचा नकाशा तयार करूं जाणें व्यर्थ होय. शेख यांनीं अनेक ठिकाणें व अनेक दृष्टिकोण एका पटावर आणले आहेत. जुन्या लघुचित्रांतहि हीच रीत आढळते.

शेख यांच्याच दुसऱ्या एका कामापासून संग्राहकांनीं विशेष बोध घ्यावा. उत्तर जर्मनींतील एब्स्टोर्फ येथील मठांत तेराव्या शतकाच्या सुमाराचा एक जगाचा नकाशा होता. तीस बकऱ्यांचीं चामडीं जोडून तयार केलेला हा पट लांबीरुंदीनें सुमारें बारा फूट भरे. १९४३ सालीं हानोव्हर शहरावरील बाँबवर्षावांत तो नष्ट झाला. आधीं घेतलेलीं छायाचित्रें होतीं, म्हणूनच त्याचें रूप आज जगास ठाऊक आहे. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयाच्या दुकानांत त्याचें एक पोस्टकार्ड शेख यांच्या हातीं आलें. त्या आधारावर २००३ पासून त्यांनीं ‘माप्पामुंडी’ नांवाची चित्रमालिका सिद्ध केली. त्या जुन्या ख्रिस्ती नकाशाच्या चौकटींत त्यांनीं कबीर, मजनू आणि सुवर्णमृगाच्या मागें निघालेला राम यांस जागा दिली. मूळ पट गेला. पण नकलेच्या नकलेंतून तो गुजराथच्या एका चित्रकारापर्यंत पोंचला आणि नवीन अर्थ घेऊन उभा राहिला. प्रत करून ठेवणें ही गोष्ट किती मोलाची आहे, याचें यापरतें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तात्पर्य, इतिहासविषयक चित्र पुढें आलें असतां तीन गोष्टी पाहाव्या. तें ज्या काळाविषयीं आहे तो काळ व ज्या काळांत काढलें तो काळ, हे वेगळे मांडावे. साक्ष प्रथम दुसऱ्याची धरावी. चित्राच्या आंत काळ दाखविणारी एखादी खूण आहे काय, हें शोधावें. आणि चित्रकारानें कोणतें जुनें चित्र, पोथी वा नकाशा वापरला, त्याच्या मुळापर्यंत जावें.

याकरितां आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. दोनशें वर्षांपूर्वींच्या रुमालांसाठीं आपण गांवोगांव फिरतों. परंतु आपल्याच शहरांतील चित्रकाराच्या कच्च्या रेखाटनांच्या वह्या, प्रदर्शनांचीं पत्रकें व पत्रव्यवहार घर बदलतांना रद्दींत जातात, तिकडे कोणाचें लक्ष नसतें. भिंतीवरचा रंग उडतो, थोर चित्र परदेशीं जातें. अशा वेळीं मागें राहतात ते हेच कागद. ते आजच मागून घ्यावे, त्यांची यादी करावी, प्रत्येकावर साल व ठिकाण लिहावें, आणि शक्य तर छायाचित्रें काढून दोन निरनिराळ्या जागीं ठेवावीं.