जयविलासच्या झुंबरातले प्रकाशगणित

ग्वाल्हेरच्या माधवगंजातला बी. एस्सी.चा विद्यार्थी लोलकाचे गणित बहुधा पुस्तकातल्या आकृतीवरच सोडवतो. खरे लोलक मात्र त्याच्याच लष्कर भागात, जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधल्या झुंबरांना टांगलेले आहेत.

जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली हा राजवाडा बांधून घेतला. रचना मायकल फिलोज यांची. झुंबरांची जोडी, प्रत्येकी सुमारे साडेतीन टन. छत पेलेल का हे पाहायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट ग्वाल्हेरात कोणीही सांगेल. कोणी आठ म्हणतो, कोणी दहा. आठच धरले आणि हत्तीमागे चार टन मोजले, तरी बत्तीस टन, म्हणजे दोन्ही झुंबरांच्या साडेचारपट. पाहुणे या गोष्टीवरच खूश होऊन पुढे सरकतात. खरे नवल मात्र काचेत आहे.

झुंबराच्या काचेत सहसा शिसे घातलेले असते. अशा काचेचा अपवर्तनांक तांबड्या प्रकाशाला सुमारे १.६१, निळ्याला १.६३. लोलकाचा कोन ६० अंश धरला, तर किमान विचलन अनुक्रमे ४७.२ आणि ४९.२ अंश येते. फरक जेमतेम दोन अंशांचा. पण दहा मीटरवर तेवढ्याने रंगांचा पट्टा सुमारे ३४ सेंटिमीटर रुंद होतो, आणि आपल्या डोळ्याची बाहुली काही मिलिमीटरचीच. म्हणून एका लोलकातून एका वेळी एकच रंग डोळ्यात शिरतो. मान जरा हलवली की तोच लोलक हिरव्याचा तांबडा होतो. साध्या काचेत हा पट्टा निम्म्यावर येतो. शिशाचा खर्च वाया गेलेला नाही.

आता प्रश्न उजेडाचा. एडिसनचा विजेचा दिवा १८७९चा, तेव्हा राजवाडा उभा राहिला त्या काळी झुंबर उजळायचे ते ज्योतीनेच. मेणबत्तीच्या ज्योतीतले काजळीचे कण साधारण १९०० केल्व्हिनला तापतात. तापलेली वस्तू कोणत्या रंगाचा किती प्रकाश देते हे सांगणाऱ्या प्लँकच्या सूत्रात हे तापमान घातले, की ०.४५ मायक्रॉनचा निळा प्रकाश ०.६५ मायक्रॉनच्या तांबड्याच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाइतका निघतो. २७०० केल्व्हिनच्या टंगस्टन तारेत तो सहाव्या हिश्शावर येतो. लोलक तेच, पण तार पेटली आणि तांबड्याच्या मानाने निळे जवळजवळ पाचपट वाढले. सूर्याच्या ५८०० केल्व्हिनला तर निळा तांबड्याच्या किंचित पुढेच जातो.

ज्योतीत निळ्याची अशी कुचंबणा का? एका निळ्या फोटॉनला २.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. १९०० केल्व्हिनला उष्णतेची सरासरी चिल्लर, म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, फक्त ०.१६४. निळ्यासाठी तिच्या सतरापट ऊर्जा एकाच ठिकाणी जमावी लागते, तांबड्यासाठी पावणेबारापट. ऊर्जा साठण्याची शक्यता घातांकाने घटत असल्याने हा पाचचा फरक फार महाग पडतो. जुन्या रॅले-जीन्स सूत्राला ही अडचण दिसतच नाही. त्याच्या हिशेबाने मेणबत्तीतही निळा तांबड्याच्या चौपट निघायला हवा.

ही अडचण ओळखणाऱ्या आपल्या सूत्राची उपपत्ती प्लँकने डिसेंबर १९०० मध्ये मांडली खरी, पण तिच्यात जुन्या विद्युतचुंबकी सिद्धान्ताचा आधार शिल्लक होता. तो आधार न घेता, फोटॉन एकमेकांपासून ओळखू येत नाहीत अशी मोजणी करून १९२४ मध्ये तेच सूत्र काढले ते ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी. आइन्स्टाइनने त्यांचा लेख स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापायला दिला.