माहिती अधिकाराची मुदत विसरताय? मेलच करून देईल आठवण

शिरूर कासारमधून बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा ऑनलाइन अर्ज केला, की नोंदणी क्रमांकाचा मेल येतो. पुढे तो इतर मेलखाली दबतो. कायद्यानुसार ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. न मिळाल्यास त्यापुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. ही मुदत हुकली, तर उशिराचे सबळ कारण द्यावे लागते.

काय कराल?

जीमेल अ‍ॅपमध्ये तो मेल उघडा. वरच्या तीन टिंबांवर टॅप करून ‘स्नूझ’ निवडा. अर्जापासून ३१ दिवसांनंतरची तारीख आणि वेळ द्या. तोवर मेल ‘स्नूझ केलेले’ या विभागात राहील. ठरल्या वेळी इनबॉक्समध्ये पुन्हा वर येईल. उत्तर आले नसेल, तर त्याच दिवशी अपील दाखल करा.