इंटरनेट दूरध्वनी सेवा

इंटरनेट दूरध्वनी सेवा : आवाजाचे अंकीय संकेतांत रूपांतर करून ते इंटरनेटवरून वाहून नेणारी व ग्राहकास सार्वजनिक दूरध्वनी जालाशी जोडून देणारी सेवा. पारंपरिक पद्धतीत संभाषण चालू असेपर्यंत दोन टोकांमध्ये एक मंडल राखून ठेवलेले असते. या पद्धतीत तसे नसते. आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ बिटांनी दर्शवितात आणि सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पॅकेट बनवितात. पॅकेटे मागेपुढे पोहोचत असल्याने ती ग्राही टोकाशी क्षणभर थोपवून क्रमाने लावावी लागतात. एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांहून कमी असल्यास संभाषण सुरळीत होते.

व्होकलटेक या इझ्राएली कंपनीने १९९५ मध्ये संगणकांवरून बोलण्याचे सॉफ्टवेअर विक्रीस आणले. मात्र दोन संगणकांमधील संभाषण घडवून आणणे व दूरध्वनी वाहक होणे यांत मोठा फरक आहे. वाहकास जुन्या जालाशी जोडणारी गेटवे यंत्रणा, ग्राहकांना देण्यासाठी क्रमांक, इतर वाहकांशी जोडणीचे करार आणि शासकीय परवाना किंवा नोंदणी यांची व्यवस्था करावी लागते.

संकटकाळीन मदतीचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. तारेच्या जुन्या दूरध्वनीस केंद्रातील विद्युत् घटमालेतून वीज मिळते व त्याचा पत्ता निश्चित असतो. इंटरनेट दूरध्वनी कोठेही नेऊन जोडता येतो. त्यामुळे बोलणारा नेमका कोठे आहे हे मदत केंद्रास आपोआप कळेलच असे नाही. शिवाय घरची वीज गेल्यास तो बंद पडू शकतो. अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने २००५ मध्ये दूरध्वनी जालाशी जोडलेल्या अशा सेवांवर ९११ या क्रमांकाची सोय देण्याचे बंधन घातले. क्रमांक थेट मिळविण्याची मुभा त्यांना २०१५ मध्ये देण्यात आली.

भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशातील दूरध्वनीशी बोलता येई, देशातील दूरध्वनीशी मात्र नाही. जून २०१८ मध्ये परवान्याच्या अटी बदलून दूरध्वनी सेवेचा परवाना असलेल्या कंपन्यांना क्रमांकासह ही सेवा देण्याची मोकळीक देण्यात आली. यंत्रसामग्री स्वस्त झाल्याने आवाज वाहून नेणे सुलभ झाले आहे; वाहकाची जबाबदारी मात्र त्यामुळे कमी झालेली नाही.