बारावी लवकर उरकण्याआधी

दहावीला नव्वदच्या पुढे गेलेल्या मुलाचे पालक हल्ली विचारतात, अकरावी-बारावी एकाच वर्षात उरकता येईल का? नाही. दहावी आणि बारावीच्या परीक्षांत दोन वर्षांचं अंतर मंडळाला हवंच. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलात तरी त्यातून सुटका नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयही बारावीचं प्रमाणपत्र दोन वर्षांआधी देत नाही. लवकर बारावी होते ती पहिलीत लवकर घातलेल्या मुलाची. त्याला डॉक्टर व्हायचं असेल, तर ‘नीट’साठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत.

मग घाई दुसरीकडून शिरते. पालक म्हणतात, रोज अर्नाळा-विरार एसटीत वेळ घालवण्यापेक्षा मुलाला राजस्थानात क्लासला पाठवू किंवा सुरतेच्या मामाकडे ठेवू, बारावी तिकडचीच होईल. खरी मेख इथे आहे. महाराष्ट्र तुमचं घर कुठे आहे एवढंच पाहत नाही, मूल दहावी आणि बारावी कुठून पास झालं तेही पाहतं.

इंजिनिअरिंगला नियम थोडा सैल आहे. दोन्ही परीक्षा राज्यातून दिलेल्या आणि जन्म किंवा अधिवास इथला, तर उमेदवार ‘ए’ प्रकारात बसतो. बारावी बाहेरून झाली, तरी स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या अधिवासावर ‘बी’ प्रकार मिळतो. मेडिकलला ही पळवाट नाही. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशभरासाठी आणि ८५ टक्के राज्यासाठी असतात. राज्याच्या जागांसाठी, सरकारी नोकरांच्या मुलांसारखे काही अपवाद सोडता, अधिवासही लागतो आणि दहावी-बारावीही इथलीच लागते. पिढ्यान्‌पिढ्या अर्नाळ्यात राहणाऱ्या घरातलं मूल सुरतेहून बारावी झालं, की त्या ८५ टक्क्यांतून बाहेर पडतं. हे बऱ्याच जणांना फॉर्म भरतानाच कळतं, तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

अधिवासाच्या कागदाचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. त्यासाठी राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, वीजबिल, तलाठ्याचा रहिवासी दाखला असे पुरावे जोडतात; मूल अठराच्या आत असल्यास अर्ज पालकांनी करायचा. अर्नाळ्यातल्या जुन्या कागदांवर ‘जिल्हा ठाणे’ दिसलं तरी घाबरू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्याआधीचे कागद ठाण्याचेच असणार. अर्ज ‘आपले सरकार’वर ऑनलाइन होतो, त्यामुळे अर्नाळा किल्ल्यातल्या माणसाला होडी, एसटी, लोकल असं करत वसईचं तहसील गाठावं लागत नाही, गावातल्या ई-सेवा केंद्रातूनही काम होतं.

फी कमी होते तीही याच कागदावर. खुल्या गटात उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असल्यास राजर्षी शाहू योजनेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिक्षण फी शासन भरतं. मुलींसाठी हे आणखी चांगलं झालं आहे: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं याच उत्पन्न मर्यादेतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही.

निकालानंतर सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. मूल अकरावीत असतानाच, दिवाळीच्या सुट्टीत, हा अर्ज टाकून मोकळे व्हा.